पासवर्डच्या मागचं वाक्य

वडशात नाटकांचा सीझन संपला की आमच्या मंडळाच्या ऑफिसात दोनच गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ झाडायला सकाळी एक बाई येतात. किस्से झाडायला कोणी येत नाही, म्हणून ते वाढत जातात. तलवार मोडल्याचे, हिरोईनची बस चुकल्याचे, मांडवात बैल शिरल्याचे किस्से वडशातल्या सगळ्याच मंडळांकडे आहेत. कॉम्प्युटरला पासवर्ड लक्षात न राहिल्याचे मात्र फक्त आमच्याकडे आहेत, आणि ते कोणालाही चहाच्या बदल्यात मिळतात.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखाच्या, बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो. आमचे नट संध्याकाळी कोणी नागपूरहून, कोणी चंद्रपूरहून येतात, तोंडाला रंग लावतात आणि उभे राहतात. तालीम झालीच तर एखादी. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात मी ऑर्गन घेऊन बसतो आणि माझ्या खांद्याला खांदा लावून प्रॉम्प्टर सोमाजीभाऊ. सोमाजीभाऊ वाक्य सांगतात, नट ते ऐकून म्हणतो. सोमाजीभाऊंचा आवाज असा की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाक्य दोनदा ऐकू येतं. कोणाची तक्रार नसते. एका तिकिटात दोन नाटकं कोणाला नको आहेत?

*

आमचे मालक हिवराजभाऊ. मंडळ त्यांचं आणि नाटकातला व्हिलनही तेच, त्यामुळे पगाराच्या दिवशी ते कोणत्या भूमिकेत आहेत हे ओळखावं लागतं. एकदा ते नागपूरला मोठ्या हॉलमध्ये नाटक पाहून आले. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "तिथी प्रॉम्प्टरच नाई जी! लोकं सोताच्या मनानं बोलून राह्यले."

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत भिंतीएवढा टीव्ही. बेत असा की सगळी नाटकं टाइप करून मंडळाच्या इंटरनेटवरच्या खात्यात ठेवायची, टीव्ही रंगमंचापुढे खड्ड्यात उभा करायचा आणि नटांनी वाचून बोलायचं. त्याच खात्यावर गावोगावचे बुकिंगचे मेसेजही येणार होते. हे सगळं चालवणार कोण, हा प्रश्न मालकांना पडलाच नाही.

"मास्तर, तुमची बोटं काळ्या-पांढऱ्यावर चालते ना? इथं तर सारेच काळे आहेत. अजून सोपं."

अशा रीतीने मी ऑर्गनवाल्याचा कॉम्प्युटरवाला झालो. त्याच बैठकीत मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ज्या दिवशी हा डबा सारं ध्यानात ठेवाले लागन, त्या दिवशी सोमाजीभाऊले शाल-नारळ. इज्जतीनं."

सोमाजीभाऊ कोपऱ्यात बशीत चहा ओतत होते. मालकांच्या वडिलांच्या काळापासून ते मंडळात आहेत. घरी धानाची शेती आहे, ती मुलगा पाहतो, खाण्यापिण्याची ददात नाही. पण सीझनभर जो माणूस राजाला, इन्स्पेक्टरला आणि जमीनदाराला काय बोलायचं ते सांगतो, त्याला घरी भाजी कोणती करू हेसुद्धा कोणी विचारत नाही. खड्ड्यातली जागा गेली की सोमाजीभाऊ गेले, हे मला त्या दिवशीच कळलं.

ते मात्र शांतपणे चहा फुर्रकन ओढून म्हणाले, "मले घाई नाई जी. पाहू त्या डब्याले काय काय ध्यानात राह्यते."

*

खातं उघडताना पहिल्याच पानावर पासवर्ड मागितला. मालक म्हणाले, "माह्या आवडीच्या नाटकातला ठेवा." त्यांचं आवडीचं नाटक 'सूनबाई, उंबरठा सांभाळ'. त्यात मालक म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतात आणि शेवटच्या अंकात त्याच्या पाया पडून माफी मागतात. बाप त्यावर एका वाक्यात उत्तर देतो आणि बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात. सोमाजीभाऊंनी ते उत्तर सांगितलं, मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. खातं उघडलं.

लगेच ब्राउझरने एक चौकट दाखवली. पासवर्ड सेव्ह करायचा का? खाली दोन बटणं, 'सेव्ह करा' आणि 'कधीच नाही'.

मालक खुर्चीतून उठले. "हे कोण विचारून राह्यलं?"

"ब्राउझर."

"आपला पासवर्ड त्याच्यापाशी कायले ठेवाचा? तो कोण लागते आपला?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'कधीच नाही' दाबलं. त्या दिवसापासून ब्राउझरने त्या खात्याबद्दल विचारणं बंद केलं. व्हिलनने इतका दम दिल्यावर कोण विचारेल?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याने पासवर्ड मागितला. मालकांना येत नव्हता. त्यात नवल नाही, ती भूमिका इतकी वर्षं करूनही मालकांना स्वतःचं एक वाक्य पाठ नाही. पाठांतर करणं म्हणजे प्रॉम्प्टरवर अविश्वास दाखवणं, असं आमच्याकडे मानतात. मलाही विचारलं. मी म्हणालो, "शब्द माह्यापाशी नसते जी, बोटं असते. कोणी सूर दिला तर चालते."

उरले सोमाजीभाऊ. त्यांना सगळी नाटकं येतात, पण मधूनच एखादं वाक्य काढून द्या म्हटलं तर येत नाही. त्यांचं डोकं मालगाडीसारखं, एक डबा दुसऱ्याला जोडलेला. म्हणून ते प्रवेशाच्या सुरुवातीपासून निघाले. "पडदा उघडतो. डावीकडे तुळस. सून रांगोळी काढते आहे." मग सून बोलली, शेजारीण बोलली, मधे एक गाणं झालं. गाणं आलं म्हणून सवयीने मी ऑर्गन ओढला. मुलगा पाया पडला आणि मग कुठे बाप बोलला. तोवर चहा निवला होता आणि खात्याने वाट पाहून पान बंद केलं होतं.

"पुन्हा घ्या," मालक म्हणाले.

"पडदा उघडतो," सोमाजीभाऊ म्हणाले.

हे रोज सकाळी व्हायचं. लिहून ठेवू म्हटलं तर मालक म्हणायचे, कागद कोणाच्याही हाती लागते. मालक कपाळाला हात लावायचे आणि सोमाजीभाऊ टीव्हीकडे मान करून विचारायचे, "ज्याले एक वाक्य ध्यानात राह्यत नाई, तो तीन अंकी नाटक काय सांगन जी?"

*

आमच्या ऑफिसाला लागून दुसऱ्या एका मंडळाचं ऑफिस आहे. मधे भिंत आहे, पण ती सोमाजीभाऊंच्या आवाजाला पुरत नाही. एक दिवस त्या मंडळाचे मॅनेजर आमच्याकडे आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी हळूच म्हणाले, "हिवराजभाऊ, एक विनंती होती. पासवर्ड बदला जी."

मालक सावध झाले. "काऊन? तुमी आमचं खातं उघडलं?"

"नाई जी, शपथ. आमच्या हिरोनं काल आमच्या नाटकात तुमचा पासवर्ड म्हटला."

झालं होतं असं की त्यांचा हिरो रोज सकाळी ऑफिसात दाढी करताना भिंतीपलीकडून आमचा प्रवेश ऐकायचा. त्यांच्या नाटकात हिरोईनने त्याला विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" त्यांच्या प्रॉम्प्टरला तेवढ्यात खोकला आला. हिरोच्या तोंडून आमच्या म्हाताऱ्या बापाचं उत्तर निघालं. टाळ्या पडल्या, ही त्यांची खरी तक्रार होती, कारण आता रोज तेच म्हणावं लागणार होतं.

पासवर्ड बदलला नाही. मालक म्हणाले, "लग्न त्याईचं, पासवर्ड आपला. चालू द्या."

*

आमची हिरोईन निशाताई नागपूरची. मोबाईलमधलं तिला सगळं कळतं. हा रोजचा तमाशा पाहून ती एक दिवस म्हणाली, "मास्तर, त्या 'कधीच नाही'च्या यादीतून आपली साइट काढा ना. मंग विचारते तो परत." मी सेटिंगमध्ये गेलो, यादी सापडली, साइट काढली. ब्राउझरने पुन्हा विचारलं, मी 'सेव्ह करा' दाबलं. झालं. मला वाटलं, किल्ला सर केला.

दुसऱ्या दिवशी मालक कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पासवर्डची जागा कोरी होती. माझं डोकं फिरलं. पुन्हा सेव्ह केला, मालक बसले की पुन्हा कोरी. मी बसलो की भरलेली. मालकांच्या अंगात काही आहे का, इथपर्यंत माझी मजल गेली.

निशाताईने मालकांच्या मागे उभं राहून पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. मालक ब्राउझरची नेहमीची खिडकी उघडतच नव्हते. ते मेनूतून ती काळी खिडकी उघडत होते, जिच्यावर हॅट आणि चष्म्याचं चित्र असतं.

"ही काऊन उघडता जी?" मी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मास्तर, नीट पाहा. हा मी आहो."

आमच्या एका नाटकात मालक काळी हॅट आणि गोल चष्मा घालून स्मगलर होतात. त्या भूमिकेचं पोस्टर अजून बसस्टँडच्या भिंतीवर आहे. मालकांची समजूत झाली होती की इंटरनेटवाल्यांनी ते पोस्टर पाहून त्यांच्यासाठी वेगळी खिडकी काढली. मार्कंड्याच्या जत्रेत भेटलेल्या दोन-तीन गावांच्या कमिटीवाल्यांना त्यांनी ती मोबाईलवर दाखवलीही होती.

निशाताईने समजावलं, "मालक, ही चोरीछुपेची खिडकी आहे. बंद केली की सारं विसरते. कोणाले ओळख देत नाई."

मालकांनी क्षणभर विचार केला. "बरोबरच आहे. व्हिलननं ओळख द्याचीच नाई."

आणि ते तीच खिडकी वापरत राहिले.

*

मग ब्रह्मपुरीहून टेक्निशियन आला. त्याने कॉम्प्युटर तपासून मान हलवली. "लय कचरा आहे जी." त्याने झाडलोट करणारा एक प्रोग्राम टाकला. कॉम्प्युटर बंद होताना तो आतलं सगळं पुसून काढायचा. त्यात आमचा सेव्ह केलेला पासवर्डही रोज पुसला जाऊ लागला. फोन करून विचारलं तर टेक्निशियन म्हणाला, "तुमी कचरा काढाले सांगतलं होतं. आपलं कोणतं, कचरा कोणता, ते तुमीच ठरवा."

सोमाजीभाऊंना तो प्रोग्राम फार आवडला. "आपल्या मांडवावानी आहे," ते म्हणाले, "सकाळी गुंडाळाचा, संध्याकाळी नवा टाकाचा." आणि लगेच सुरू झाले, "पडदा उघडतो."

*

इथपर्यंत सगळे हसत होते. मग माजरीचं प्रकरण झालं.

माजरीच्या कोळशाच्या खाणीच्या कॉलनीतून आमच्या खात्यावर बुकिंगचा मेसेज आला होता. त्या दिवसांत सोमाजीभाऊ तापाने घरी होते, त्यामुळे खातं कोणी उघडलंच नाही. उघडलं तेव्हा त्यांचा शेवटचा मेसेज होता, "तुमी नाटकवाले आहा का मौनीबाबा?" ती तारीख दुसरीकडे गेली होती.

मालकांनी मेसेज दोनदा वाचला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तर, आता मजाक बस. हे दुरुस्त करा. एका माणसाच्या तापानं मंडळ बंद पडते, हे काई बरोबर नाई."

ते खोटं बोलत नव्हते. मी निशाताईला बसवलं, झाडणारा प्रोग्राम काढला, ब्राउझर नवा टाकला आणि मालकांच्या लाडक्या खिडकीचा रस्ता मेनूतून बंद करून घेतला. पासवर्ड सेव्ह केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पासवर्ड जागच्या जागी. आठवडाभर रोज सकाळी खातं एका टिचकीत उघडलं.

त्या आठवड्यात सोमाजीभाऊ वेळेवर यायचे, कॉम्प्युटरजवळच्या स्टुलावर बसायचे आणि कोणी काही विचारायच्या आत खातं उघडलेलं पाहायचे. एकदा मला म्हणाले, "शिकला जी पोट्टा." पोट्टा म्हणजे कॉम्प्युटर, पण लागलं मला. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो त्या माणसाला मीच माझ्या दहा बोटांनी उठवला होता. मला त्या आठवड्यात ऑर्गनला हात लावावासा वाटला नाही.

शनिवारी मालकांनी शाल आणली.

*

सीझनच्या आधी सिंदेवाहीकडच्या एका गावची कमिटी नाटक ठरवायला आली होती. मालकांनी त्यांना दुपारी ऑफिसमागच्या शेडमध्ये बसवलं. बेत असा की त्यांना टीव्हीवर वाचून केलेला एक प्रवेश दाखवायचा, 'सूनबाई'चा शेवटचा अंक, आणि टाळ्या पडल्या की तिथंच सोमाजीभाऊंना शाल-नारळ द्यायचा. ताट तयार होतं. शालीवर नारळ, नारळावर कुंकू.

सकाळी खातं मी स्वतः उघडून पाहिलं होतं. पासवर्ड सेव्ह होता. त्यानंतर ऑफिसात झाडणाऱ्या बाई येऊन गेल्या, निशाताई आपल्या भूमिकेची वाक्यं पाहायला बसली होती, मालक दोनदा आत-बाहेर झाले आणि सोमाजीभाऊ नेहमीप्रमाणे स्टुलावर होते. मी कोणाचं नाव घेत नाही. कॉम्प्युटर शेडमध्ये नेऊन टीव्हीला जोडला, कमिटी सरसावून बसली, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं आली. पासवर्ड टाका. खाली कोरी चौकट.

मी निशाताईकडे पाहिलं. ती नखं पाहत होती.

"मास्तर, टाका," मालक दबक्या आवाजात म्हणाले.

"सांगा जी, टाकतो. शब्द माह्यापाशी नसते."

कमिटीतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "काय झालं जी? टीव्ही वाक्य विसरला का?"

मालकांनी रुमालाने मान पुसली. "सोमाजीभाऊ, सांगा जरा."

शेडमध्ये आणलेल्या स्टुलावरून सोमाजीभाऊ उठले नाहीत. "मागचं वाक्य कोणाचं आहे?"

"रोजच्यासारखं तुमीच बोला नं सारं."

"रोज नट नसते म्हणून बोलतो. आज नट हजर आहे, पाव्हणे बसले आहेत. मंग नटाचं वाक्य प्रॉम्प्टरनं काऊन बोलावं?"

कमिटीने माना हलवल्या. नियम नियम असतो. आणि मागचं वाक्य, म्हणजे बापाच्या पाया पडून मागितलेली माफी, मालकांचं होतं.

"मले येत नाई ते," मालक म्हणाले.

"मी सांगतो नं," सोमाजीभाऊ म्हणाले. मग ते स्टूल सोडून माझ्याजवळ आले आणि खाली, माझ्या खांद्याला खांदा लावून बसले. मी ऑर्गन ओढून सूर धरला, तो प्रवेश सुराशिवाय होत नाही.

"बाबा, चुकलो मी," सोमाजीभाऊंनी सांगितलं.

मालकांनी एकदा कमिटीकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग नाटकात टेकतात तसे गुडघे टेकले, पण त्या वेळी समोर बाप झालेला नट असतो आणि आज समोर सोमाजीभाऊच होते. "बाबा, चुकलो मी."

"मला वाटलं, तुमचं काम संपलं."

"मला वाटलं, तुमचं काम संपलं."

"पण तुमच्याशिवाय या घरात कोणाच्या तोंडून शब्द निघत नाही."

हे वाक्य संहितेत आहे की नाही, ते मला विचारू नका. त्या वेळी माझं लक्ष सुराकडे असतं. मालकांनी ते म्हटलं, आणि त्यांचा तो व्हिलनचा आवाज मधेच बारीक झाला. मग सोमाजीभाऊ थांबले. पुढचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच मालक बोलून गेले.

"जाऊ नका."

कोणी न सांगता मालकांनी म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

सोमाजीभाऊंनी मग पासवर्ड सांगितला. पहिल्यांदाच इतका हळू की शेजारच्या मंडळालाही ऐकू गेला नसेल.

"ऊठ पोरा. मी गेलोच कुठे होतो?"

माझी बोटं चालली. खातं उघडलं. कमिटीतला म्हातारा डोळे पुसत होता. आणि पडद्यावर ती जुनी चौकट आली, पासवर्ड सेव्ह करायचा का?

मालक उठले, गुडघे झाडले, माझ्या हातातून माऊस घेतला आणि 'कधीच नाही' दाबलं.